भूकंपाच्या बाई

आमच्या शाळेत शिक्षकांना नावाने कोणी ओळखत नाही. गणिताचे सर, इंग्लिशच्या बाई, चित्रकलेचे सर, अशी विषयावरून ओळख. मी मराठीचा सर. पण विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना विज्ञानाच्या बाई म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. त्या भूकंपाच्या बाई. पालकसभेला आलेल्या आया शिपायाला विचारायच्या, "भूकंपाच्या बाई कुठं बसतात?" आणि शिपाई जिन्याखालच्या खोलीकडे बोट दाखवायचा. नवीन माणूस असेल तर "पाय आपटू नका" एवढं वर सांगायचा.

आमची शाळा अंबरनाथला, बुवापाड्याच्या जवळ. मराठी माध्यमाची, दोन मजली. मुलांचे बाप बहुतेक आनंदनगरच्या कंपन्यांत कामाला. जिन्याखालच्या खोलीत पूर्वी लेझीम, डंबेल्स आणि फाटकी चटई असायची. बाईंनी ते सामान हळूहळू, म्हणजे कोणाला विचारल्याशिवाय, माळ्यावर चढवलं आणि तिथे भूकंप मोजायचं यंत्र बसवलं. घरी बनवलेलं.

यंत्र बघून कोणाचीही निराशाच व्हायची. एक उभी लाकडी चौकट. तिच्यात जिन्यावरून उतरणाऱ्या खेळण्यातली लांब स्प्रिंग टांगलेली. स्प्रिंगला खाली लोहचुंबक. चुंबकाच्या भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि तिथून एक वायर जुन्या कॉम्प्युटरला. जमीन हलली की चौकट हलते, वेटोळं हलतं, पण स्प्रिंगला लोंबकळणारं चुंबक आपल्या जागी रेंगाळतं. त्या फरकाने तारेत किंचित वीज तयार होते आणि पडद्यावरची रेघ थरथरते. एवढंच. बाई हे सगळं सांगून झाल्यावर म्हणायच्या, "आता यात काय कठीण आहे, ते मला सांगा." 

त्या तांब्याच्या तारेचीही एक गोष्ट होती. बाई उल्हासनगरला मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेल्या होत्या. दुकानदार म्हातारे सिंधी काका. त्यांनी वेटोळ्याचं माप बघून विचारलं, "मॅडम, पंखा है के पंप?"

"भूकंप," बाई म्हणाल्या.

काकांनी जरा विचार केला. "वो कौनसी कंपनी का आता है?"

हा प्रसंग बाई स्वतःच सांगायच्या आणि सांगताना अजिबात हसायच्या नाहीत. काकांनी पुढे ते वेटोळं इतकं देखणं गुंडाळून दिलं की पहिल्यांदा रेघ उमटली तेव्हा बाईंनी त्यांना शाळेत बोलावून दाखवली. काका खुर्चीवर बसून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. नंतर उल्हासनगरच्या बाजारात मला भेटले की ते माझी चौकशी करायचे नाहीत. "भूकंप ठीक चल रहा है ना?" एवढंच विचारायचे.

बाई मूळच्या बदलापूरकडच्या आगरी घरातल्या. घरची भातशेती होती. आता हेंद्रेपाड्यात फ्लॅटमध्ये राहायच्या आणि स्कूटीवरून शाळेत यायच्या. बांधा आडवा, आवाज खणखणीत, केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात कायम एक पेन्सिल. एरवी बोलणं पुस्तकी, स्वच्छ. पण कोणी जिन्यावरून धडधडत उतरलं की खोलीतून आवाज यायचा, "ए पोरा, काय नाचतंस रं? रेघ बिघरली ना माझी." मग पुन्हा स्वच्छ मराठी सुरू.

त्यांना एक खोडच होती. कोणी काहीही सांगितलं की त्या पहिल्यांदा विचारायच्या, "किती वाजता?" मुलगा म्हणाला बाई, बाहेर ट्रक पलटी झाला, तर किती वाजता. स्टाफरूममध्ये कोणी पेढे वाटले, मुलगी झाली म्हणून, तर किती वाजता. एकदा आमच्या मुख्याध्यापकांचे सासरे गेले. सगळे हळहळले. बाईही हळहळल्या, पण त्याआधी त्यांच्या तोंडून सवयीने ते निघून गेलंच. मुख्याध्यापकांनीही बिचाऱ्यांनी वेळ सांगितली. मी नंतर बाईंना म्हटलं की हे बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, "सर, वेळ सांगितली नाही तर ती बातमी नसते, अफवा असते."

माझा वर्ग नेमका त्या खोलीच्या वर. त्यामुळे आमचे संबंध सुरुवातीपासून जरा ताणाचे होते. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळाली की पडद्यावर जंगल उगवायचं. ते त्यांना चालायचं, कारण मुलं ते बघून म्हणायची, "बाई, ही बघा आपली सुट्टी." पण तासाला गडबड झालेली चालायची नाही. एका दुपारी त्या कागद घेऊन वर आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सर, आज पोवाडा होता का?"

होता. आणि मी जरा रंगात येऊन पाय आपटून म्हटला होता. बाईंनी कागद माझ्यासमोर धरला. प्रत्येक चरणाच्या शेवटी एक उंच सुळका. "ताल मात्र पक्का आहे तुमचा," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. माझ्या शिकवण्याची याहून प्रामाणिक तपासणी नंतर कुठल्याही अधिकाऱ्याने केली नाही. तो कागद मी वर्गात लावून ठेवला होता.

पुढे त्यांचं माझ्याकडे काम निघालं. भूकंपाच्या दोन मुख्य लाटा असतात. एक वेगाने येते आणि जमिनीला पुढेमागे ढकलते. दुसरी मागून येते आणि जमिनीला डोलवते. पुस्तकात त्यांना प्राथमिक तरंग आणि दुय्यम तरंग म्हटलेलं. बाई म्हणाल्या, "सर, हे शब्द मुलांच्या तोंडात राहत नाहीत. परीक्षेपुरते येतात आणि जातात. तुम्ही मराठीचे, काहीतरी करा." मी रात्रभर विचार करून अग्रतरंग आणि अनुतरंग असे शब्द नेले. बाईंनी काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. त्यांनी मुलांना मैदानावर एका रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं केलेलं होतं. मागून हलकेच ढकललं की धक्का मुलामुलातून पुढे जायचा. बाजूने हलवलं की सगळी रांग नागमोडी व्हायची. माझे शब्द बाजूला ठेवून त्यांनी मुलांनाच विचारलं, काय नाव ठेवूया. मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, पहिली ढकलती आणि दुसरी डोलती."

तेच शब्द राहिले. ढकलती आणि डोलती. आमच्या शाळेतून गेलेल्या कुठल्याही मुलाला आज विचारा, तो हेच शब्द सांगेल. मराठी भाषेत शब्द कसे तयार होतात, हे मी त्या दिवशी मैदानावर उन्हात उभा राहून पाहिलं.

भूकंपच का, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. वाटलं होतं, लहानपणी काहीतरी भयंकर अनुभवलं असेल. त्या म्हणाल्या, "मी आळशी आहे सर. वीज, चुंबक, ध्वनी, लाटा, भूगोल, आलेख, त्रैराशिक, एवढे धडे वेगवेगळे शिकवायचे म्हणजे केवढा व्याप. इथे सगळे एका रेघेत येतात."

ही आळशी बाई शुक्रवारी शाळेत सगळ्यांच्या आधी पोचायची. आमच्याकडे कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. आठवडाभर रेघेला एक बारीक कंप असायचा, तो शुक्रवारी उतरायचा. मुलांनी तो फरक स्वतः शोधून काढला, बाईंनी सांगितला नव्हता. पाचवीतला एक मुलगा नंतर कितीतरी दिवस पडद्याला बोट लावून दाखवायचा, "हे माझे पप्पा. हे कामावर आहेत."

एका सकाळी प्रार्थनेनंतर ती रेघ अचानक वेगळी वागायला लागली. मी तिथे होतो, कारण बाईंनी नववीच्या एका मुलीला पाठवून मला बोलावून घेतलं. आधी थोडी किरकोळ थरथर. काही मिनिटांनी जोराचा झोका. आणि मग मोठ्या, संथ, एकामागून एक लाटा. टेबलावरचं पाणी स्थिर होतं. पंखा नेहमीसारखा फिरत होता. आमच्या पायाखाली काहीही कळत नव्हतं, आणि पडद्यावर ती रेघ वरखाली, वरखाली चाललेली. मुलांनी ढकलती आणि डोलतीमधलं अंतर मोजलं, तक्त्यावर बघितलं, नकाशावर तेवढा दोरा ताणून गोल फिरवला. एका यंत्रावरून अंतर कळतं, दिशा नाही; पण दोऱ्याच्या टोकाखाली समुद्रापलीकडची, नेहमी भूकंप होणारी पूर्वेकडची बेटं आली. थोड्या वेळाने कोणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली. जागा जवळजवळ तीच.

मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाईंनी हात वर केला. "टाळ्या नकोत. ही लाट आपल्याकडे यायच्या आधी तिथल्या माणसांच्या घराखालून गेलीय."

टाळ्या थांबल्या. सगळे उभेच होते. मग एका मुलाने हळूच विचारलं, "बाई, तिकडे पण शाळा भरली असेल का आता?" बाई नकाशाकडे वळल्या. म्हणाल्या, "तिकडे घड्याळ आपल्या पुढे असतं. भरली असेल." त्या दिवशी नववीचा पुढचा तास झाला नाही. मुलं तिथेच जमिनीवर बसून रेघ शांत होईपर्यंत बघत होती. मला अभिमान वाटतो तो मुलांनी अंतर बरोबर काढलं याचाही, पण त्या बसून राहण्याचा जास्त.

याच वर्गात मनीषा होती. बारवी धरणाच्या रस्त्याने आत, डोंगराच्या कुशीत त्यांची ठाकरांची वाडी. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच, म्हणून ती बुवापाड्याला मामाकडे राहायची आणि शनिवारी शाळा सुटली की घरी जायची. वर्गात फारसं बोलायची नाही. एका सोमवारी ती जिन्याखालच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बाई, आमच्या वाडीत रोज भूकंप होतो."

"किती वाजता?"

"दुपारचा. जेवणं झाली की."

"आणि रविवारी?"

मनीषा विचारात पडली. "रविवारी नाही होत."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून पुन्हा खोचली. "भूकंपाला साप्ताहिक सुट्टी असते हे मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला तुझ्या वाडीत घेऊन चल."

त्या शनिवारी आम्ही गेलो. बाईंची स्कूटी, मागे मनीषा, आणि मी माझ्या मोटरसायकलवर. वाडीत बारा-पंधरा घरं. कुडाच्या घरांना काही झालं नव्हतं, पण योजनेतून बांधलेल्या सगळ्या पक्क्या घरांच्या भिंतींना तडे गेलेले. मनीषाच्या आजीच्या घरात तर तड्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. लोक घराबाहेर अंगणात झोपत होते. टेकडीच्या पलीकडे खडीची खाण होती. माणसं तिथे तक्रार करायला गेली होती.

"आमी बोललो, सुरुंगानं भिंती फाटल्या," आजी सांगत होती. "ते बोलतात, सुरुंग आमी वर लावतो, लांब. ह्यो भूकंप हाय. टीव्हीवर नाय का दाखवत? जागाच खराब हाय तुमची, दुसरीकडं जावा. मंग आमी गप."

"तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"आमाला काय वाटायचं? आमाला कोण इचारतं?"

वाडीतले निम्मे लोक निघून जायच्या गोष्टी बोलत होते. मनीषाचे वडील बदलापूरला खोली बघून आले होते. भातखाचरं, जंगलातलं काम, देव, सगळं सोडून.  बाईंनी तळहात भिंतीला लावला आणि खूप वेळ तसाच ठेवला. येताना रस्त्यात चहाला थांबलो तेव्हा मला म्हणाल्या, "सर, ध्वनीचा धडा कधी घ्यायचा ते ठरत नव्हतं. आता ठरलं."

मुलांनी दुसरं यंत्र बनवलं. या वेळी बाईंनी हात लावला नाही. उल्हासनगरच्या काकांनी वेटोळं करून दिलं आणि मुलांना स्वतः दोन फेरे मारायला लावले. यंत्र आजीच्या घरात चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात बसलं, जुना लॅपटॉप आणि बॅटरी जोडून. सुरुंगाचा हिसका जमिनीतून लगेच येतो. आवाज हवेतून मागाहून येतो आणि रेघेवर त्याचा आणखी एक छोटा उंचवटा दिसतो. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, तसंच. मधला वेळ मोजला की सुरुंग किती लांब लागला ते कळतं. मुलांनी रोजच्या सगळ्यात उंच सुळक्याचं अंतर काढून नकाशावर आजीच्या घराभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढलं. मग यंत्र वाडीच्या शाळेच्या पडवीत नेलं, दुसरं वर्तुळ. मग शेजारच्या पाड्याच्या देवळात, तिसरं. तिन्ही वर्तुळं एका ठिकाणी छेदली. पण ती जागा वरची खाण नव्हती. खालच्या बाजूला, ओढ्याजवळ, वाडीपासून अगदी जवळ.

"आपलं चुकलं का, बाई?" मुलांनी विचारलं.

"परत काढा."

परत काढलं. तिथेच आलं.

एव्हाना गोष्ट शाळेपर्यंत पोचली होती. खाणीच्या मालकांची शाळेच्या संस्थेत ओळख होती. शाळेचं फाटक त्यांनीच दिलेलं. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. मीही सोबत गेलो.

"बाई, हे आपलं काम आहे का?" मुख्याध्यापक म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. "आपण शिकवायचं. मला फोन येतायत."

"मी शिकवतेच आहे सर. आठवा तास, नववी अ, ध्वनी."

"पुढे काही झालं तर?"

"तर मी होते म्हणून सांगा. मुलं फक्त मोजतायत."

मुख्याध्यापक पेपरवेट फिरवत म्हणाले, "मोजताना चुकू देऊ नका मग."

ग्रामसभा वाडीच्या शाळेसमोर भरली. तहसील कार्यालयातून एक तरुण अधिकारी आले होते. खाणीचे मॅनेजर आले होते, पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. बाईंनी मनीषाला उभं केलं. मनीषाचा आवाज सुरुवातीला मागच्यांना ऐकू येत नव्हता. तिने नकाशा धरला, तीन वर्तुळं दाखवली आणि सुरुंग ओढ्याजवळ लागतात असं सांगितलं.

मॅनेजर हसले. "नीचे आम्ही कामच करत नाही. परवानगी वरची आहे. आणि हे मशीन काय, मुलांचं खेळणं आहे. त्याच्यावर कोण भरवसा ठेवणार?"

मला राग आला. बाईंना आला नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. यंत्रावर शंका घेतलीच पाहिजे. मी मुलांना तेच शिकवते. तर आपण तपासून बघू. साहेब, उद्या तुम्ही खाणीवर थांबा. सुरुंग लागतील त्यांच्या वेळा लिहून घ्या आणि कोणाला सांगू नका. यंत्र परत मनीषाच्या आजीच्या घरात ठेवलंय, ती खोली आत्ताच बंद करा, किल्ली तुमच्याकडे ठेवा. परवा सगळ्यांसमोर उघडू. जुळलं नाही तर आम्ही यंत्र उचलून नेतो."

अधिकाऱ्यांनी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरना नाही म्हणता येईना.

परवाच्या दिवशी वाडीतलं एकही माणूस कामाला गेलं नाही. आमची नववी अ टेम्पोतून आली होती. मागच्या बाजूला मुख्याध्यापक येऊन बसलेले मला दिसले. ते येणार असं कोणाला बोलले नव्हते. कुलूप काढलं, लॅपटॉप अंगणात आणला, मनीषा त्याच्यासमोर बसली. आदल्या दिवसाची रेघ ती हळूहळू पुढे सरकवत गेली. "हा एक," ती म्हणाली आणि वेळ सांगितली. अधिकाऱ्यांनी कागद बघून मान हलवली. "हा दुसरा." पुन्हा मान हलली. "आणि हा तिसरा."

"तिसरा नाही," अधिकारी म्हणाले. "मी दोनच लिहिलेत."

मॅनेजरनी दोन्ही मोबाइल खिशात घातले. "बघा. मी म्हटलं होतं ना."

आमच्या मुलांचे चेहरे उतरले. बाई मनीषाजवळ खाली बसल्या. "परत बघ," त्या शांतपणे म्हणाल्या. "घाई करू नकोस. कोणाकडे बघू नकोस, रेघेकडे बघ."

मनीषाने बघितलं.  मग ती वळली, आणि या वेळी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "तीनच आहेत. पहिल्या दोघांचा आवाज उशिरा पोचलाय, ते वरच्या खाणीतले. तिसऱ्याचा लगेच पोचलाय. तो ओढ्यावरचा. साहेब, तुम्ही खाणीवरून कधी निघालात?"

अधिकाऱ्यांनी तिसऱ्याची वेळ पुन्हा विचारून घेतली. "त्याच्या थोडं आधी," ते म्हणाले, आणि मॅनेजरकडे वळले. "मी निघाल्यावर सुरुंग लावलात?"

"साहब, वो तो छोटा था," मॅनेजर म्हणाले.

पडद्यावर सगळ्यात उंच सुळका त्या छोट्याचाच होता. मनीषाने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. मग वाडीतली माणसं एकेक करून बोलायला लागली. तिसरा सुरुंग त्यांनी सगळ्यांनी ऐकला होता, त्याने भांडी पडली होती. पण आत्तापर्यंत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. अधिकारी या वेळी खाली मांडी घालून बसले आणि त्यांनी प्रत्येकाचं लिहून घेतलं.

ओढ्यावरचं काम बंद झालं. ते एका दिवसात झालं नाही, बाई आणि वाडीतली माणसं कितीतरी वेळा कार्यालयात गेली. वरच्या खाणीवर सुरुंगांचा आकार ठरवून दिला गेला, घरांच्या भिंती खाणवाल्यांना दुरुस्त करून द्याव्या लागल्या. मनीषाच्या वडिलांनी बदलापूरची खोली घेतली नाही. आमच्या फाटकावर मालकांचं नाव होतं, ते अजून आहे. फाटक काढून न्यायचं त्यांना सुचलं नसावं.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. निरोपाच्या सभेत सगळ्यांनी भाषणं केली. त्यांनी केलं नाही. त्या मुलांना घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेल्या आणि नव्या विज्ञानाच्या सरांना स्प्रिंग कशी समतोल करायची ते दाखवत बसल्या. शाल आणि नारळ मीच त्यांच्या स्कूटीच्या डिकीत नेऊन ठेवले. मनीषा बारावीला आहे आणि पुढे भूगर्भशास्त्र घ्यायचं म्हणते. आमच्यानंतर बदलापूर आणि उल्हासनगरच्या काही शाळांनी अशी यंत्रं बसवली. तिथली मुलंही ढकलती आणि डोलती म्हणतात, असं मला कळलं. हे शब्द कुठून आले ते त्यांना माहीत नसेल, आणि तसंच असावं.

पण बाईंची आठवण आली की मला वाडीतली ती दुपार दिसते. ओढ्यावरचं काम बंद झाल्यानंतरचा पहिला आठवडा होता. यंत्र परत न्यायला आम्ही गेलो होतो. आजी म्हणाली, जरा थांबा, आता ते काय दाखवतं ते बघू द्या. लॅपटॉप अंगणात ठेवला. बघता बघता सगळी वाडी गोळा झाली, म्हातारी माणसं पुढे, बाया मागे, तान्ही मुलं कडेवर. दुपारचीच वेळ होती, सुरुंगाची, आणि आकार ठरेपर्यंत वरची खाणही बंद होती. पडद्यावर एक सरळ रेघ डावीकडून उजवीकडे चालली होती.

"काय दाखवतंय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"काहीच नाय?"

"काहीच नाही, बाबा. तुमची जमीन गप आहे."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो नीट बसला. "मंग बघू द्या जरा," तो म्हणाला. "घाई नाय ना तुमाला?"

बाईंना घाई नव्हती. त्याही खाली बसल्या, त्यांच्यातच. मी बसलो. आणि एवढी सगळी माणसं त्या दुपारी काहीच न घडणारी ती रेघ बघत बसली.